पायाचा अंगठा

परवा दुपारी मुलगी झोपली. म्हणजे खरोखर झोपली. ओठाच्या कडेला दुधाचा थेंब, मुठी सैल सुटलेल्या. मुठी सुटल्या की झोप पक्की, एवढं मला तीन महिन्यांत कळलंय. मी तिच्या मानेखालचा हात बोटाबोटाने सोडवला, पंखा एकवर केला आणि शेजारी आडवी झाले. इंदूरच्या लोकमान्यनगरात सामसूम होती. लांबून एकदा रेल्वेची शिटी आली. पंखा दर तिसऱ्या फेऱ्याला कुरकुरतो असा शोध मला लागला. तिसऱ्याला की चौथ्याला, हे ठरवण्यात पाऊण तास गेला आणि बाईसाहेब उठल्या.

“बाळ झोपलं की तूही झोपून घे.” हे मला आईने सांगितलं, सासूबाईंनी सांगितलं, दोन्ही मावश्यांनी फोनवर सांगितलं. मालिशवाल्या बाई तर रोज सांगायच्या, “बच्चा सोए तो आप भी सो जाओ, दीदी.” जशी काही झोप म्हणजे नळ आहे, सोडला की आली! आमच्याकडे नर्मदेचं पाणीसुद्धा एक दिवसाआड येतं. पण येतं. टाकी भरून ठेवता येते.

माझा संशय सटवाईवर आहे. पाचवीला आईने पाटा-वरवंटा मांडला, कोरा कागद ठेवला, आणि घरात बोरू कुठला असणार म्हणून नवऱ्याने आपलं जेल पेन ठेवलं. रात्रभर दिवा तेवत होता आणि सगळे जागले. मीही जागले. सहाव्या दिवशी सगळे झोपले, मी राहिले. बाईंनी मुलीचं कपाळ म्हणून अंधारात माझ्याच कपाळावर दोन ओळी खरडल्या असतील. जेल पेन, पुसायचीही सोय नाही.

खरं तर जागणं हे आम्हा इंदूरकरांचं कौतुकाचं काम. सराफ्यात सोन्याचांदीच्या पेढ्यांची शटरं खाली आली की त्याच ओट्यांवर कढया चढतात. कॉलेजात असताना रात्री एक वाजता तिथे भुट्ट्याचा कीस खाऊन वर गराडूला जागा ठेवणारी मी. तेव्हा झोप यायची, मीच तिला हाकलायचे. आता त्याच एक वाजता मच्छरदाणीत बसून डिंकाचा लाडू कुरतडते. हळूच, आवाज होऊ न देता. बाळंतिणीचा लाडू इतका कुरकुरीत कशासाठी करतात, हे मला कुणीतरी सांगावं.

झोपेशी माझं जुनंच लबाडीचं नातं आहे. रामबागेत आजीच्या घरी उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी आम्हा सहा भावंडांना चटईवर ओळीने निजवायचे. खिडकीला वाळ्याचा पडदा, त्यावर पाणी मारलेलं. आम्ही पापण्या इतक्या घट्ट मिटायचो की डोळ्यांपुढे पिवळे ठिपके नाचायचे. मग आजी दारात येऊन, कुणाला नाही असं म्हणायची, “खरं झोपलेल्या माणसाचा पायाचा अंगठा हलतो हो.” झालं! पाच अंगठे टुकटुक हलायला लागायचे. एकटा दादा हलवायचा नाही. त्याच्या हुशारीवर आम्ही जळायचो. पुष्कळ वर्षांनी कळलं, तो खरंच झोपलेला असायचा.

या वेळी रात्री आई डोकावायची तेव्हा मी हाच खेळ परत सुरू केला. चाहूल लागली की डोळे मिटायचे, श्वास लांबवायचा. आईला काळजी नको, हे एक कारण. आणि मुलगी छान तीन-तीन तास झोपत असताना मला झोप नाही, हे सांगायची लाज वाटायची. मुलं रात्री जागवतात असं सगळं जग म्हणतं. माझी जागवत नव्हती. ती झोपल्यावर मी तिचा श्वास मोजत बसायचे. मधे एक खंड पडला की उठून दिवा लावायचे.

एका सकाळी खिरीची वाटी माझ्या हातात देत आई म्हणाली, “काल तुझा अंगठा हलत नव्हता गं.”

मी अळीव चावत राहिले.

ती मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी मागच्या सात दिवसांबद्दलचे दहा प्रश्न काढले. १९८७ साली एडिंबरामध्ये तयार झालेली प्रश्नावली, बाळंतिणींसाठीच. पहिलाच प्रश्न हसू येतं का असा होता, तेव्हा मला हसूच आलं. सातवा झोपेचा. मी म्हटलं, “मुलगी झोपू देत नाही.” शेजारून आई म्हणाली, “मुलगी झोपते. ही झोपत नाही.” मग नववा रडण्याचा होता, आणि मी त्याचं उत्तर न बोलताच दिलं. दहाव्याला त्यांनी पेन खाली ठेवून माझ्याकडे बघत विचारलं.

वार पडली की प्रोजेस्टेरॉन धाडकन उतरतं, गरोदरपणी त्याचीच थोडी गुंगी असते, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे सटवाई सुटली. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवायचं, दुपारनंतर चहा बंद, झोप नाही आली तर लोळत पडायचं नाही, उठून दुसऱ्या खोलीत बसायचं. रात्रीचं एक दूध काढून ठेवायचं आणि ते बाबाने पाजायचं. कागदाच्या मागे त्यांनी १४४१६ लिहिलं. टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, चोवीस तास, फुकट. “तीन वाजता मला नाही, पण यांना फोन करता येईल.” तो मी एकदा केला. काय बोलले ते इथे नाही लिहीत.

झोप एकदम आलेली नाही. एक दिवसाआड येते म्हणा. परवा पंखा मोजलाच. पण आज सकाळी आईने विचारलं, “कचरागाडी आली का गं?” आणि मला माहीत नव्हतं. ते गाणं गेले तीन महिने मी रोज सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलंय, गाडी कोपऱ्यावर वळायच्या आधीपासून. आज ऐकलं नाही. नवऱ्यानेही नाही, कारण रात्रीचं दूध त्याने पाजलं होतं. ओल्याचा डबा काठोकाठ भरलेला, तसाच ओट्याखाली राहिला. त्यात काल सोललेल्या लसणाची सालं. आई सकाळपासून चिडलेली आहे.