रेडिएटरसाठी खोकं

सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर विचारलं, "ऊब हवी म्हणून गॅस जाळायचा आणि मग ती पेटीत कोंडायची? कुणी सांगितलंय?" बाईंनी आयुष्यात रेडिएटर, म्हणजे खोली उबदार ठेवायला भिंतीवर बसवलेला, आतून गरम पाणी फिरणारा पत्र्याचा हीटर, वापरलेला नाही, पण प्रश्न नेमका विचारला. रेडिएटरला कव्हर करण्यातली सगळी मेख तिथेच आहे.

सांगितलं लेकीने. तिला आता दिसेल त्या वस्तूला धरून उभं राहायचं असतं आणि हॉलमधल्या रेडिएटरची उंची तिला अगदी सोयीची. ते पाणी गॅसवर तापवणारा आमचा बॉयलर ६० अंशांवर लावलेला आहे, म्हणजे पत्र्यावर मोठ्या माणसाचाही हात फार वेळ टेकत नाही. इंग्लंडमध्ये रुग्णालयं आणि वृद्धाश्रमांसाठी रेडिएटरचा पृष्ठभाग ४३ अंशांच्या वर जाऊ नये अशी मार्गदर्शक सूचना आहे. घरात ज्याचं त्याने बघायचं.

तयार कव्हरं मिळतात. पण इंग्लंडमधल्या रेडिंग शहरातलं आमचं घर १९३०च्या दशकातलं. रेडिएटरच्या एका अंगाला दार उघडतं, दुसऱ्या अंगाने पाइप वर जातो आणि भिंत सरळ असेल तर शपथ. बाजारातलं कुठलंच माप बसेना, म्हणून मीच करवत हातात घेतली. नवऱ्याने चहा करायचं काम पत्करलं.

आधी हवेचं गणित. आमच्या रेडिएटरला दोन पत्रे आहेत आणि त्यांच्या मध्ये नागमोडी पन्हळी. तो खोली तापवतो ती मुख्यतः हवेच्या चलनाने: खालून गार हवा आत शिरते, पन्हळींमधून तापत वर चढते, वरून बाहेर पडते. ही वाट अडवली की खोकं गरम आणि खोली गार. त्यामुळे माझ्या कव्हरला खाली जमिनीलगत पूर्ण रुंदीची १०० मिलिमीटरची फट आहे, समोर जाळी अगदी वरच्या कडेपर्यंत नेली आहे आणि वरच्या फळीच्या पोटाशी चकाकणारा फॉइल चिकटवलेला पुठ्ठा तिरका बसवला आहे. वर चढलेली हवा त्याच्यावर आपटून पुढे वळते. समोर जाळीऐवजी नुसती चार नक्षीदार भोकं पाडलेली कव्हरं मी पाहिली आहेत. दिसतात देखणी, पण ती रेडिएटरची नाही, कपाटाची दारं आहेत.

दुसरी मेख थर्मोस्टॅटच्या व्हॉल्व्हची. त्याचं डोकं आजूबाजूची हवा किती तापली ते बघून पाणी कमी-जास्त करतं. ते खोक्याच्या आत राहिलं तर आतली हवा लगेच तापते, खोली झाली तापून असं समजून ते पाणी बंद करतं आणि आपण स्वेटर शोधत बसतो. लांब नळीवर संवेदक असलेलं डोकं विकत मिळतं, म्हणजे संवेदक खोक्याबाहेर ठेवता येतो. आमचं डोकं आडवं बसवलेलं असल्याने मी बाजूच्या फळीत भिंतीकडून उघडी खाच काढली. डोकं बाहेर राहतं आणि कव्हर पुढे ओढलं की सरळ निघून येतं. ते निघायलाच हवं, कारण अधूनमधून किल्ली लावून रेडिएटरमधली अडकलेली हवा सोडावी लागते.

सामान म्हणाल तर १८ मिलिमीटरचं एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू रेझिनने दाबून केलेली फळी. अख्खी फळी २४४० बाय १२२० ची, वजन चाळीस किलोच्या आसपास. आमच्या चिमुकल्या गाडीत ती जाणं शक्यच नव्हतं. लाकडाच्या दुकानात मापं लिहून दिली आणि कापून आणली. इथे फुशारकी मारू नये, मशीनची कड हाताच्या करवतीने येत नाही. घरी फक्त स्कर्टिंगसाठीच्या (भिंतीच्या तळाशी असलेल्या पट्टीसाठीच्या) खाचा आणि समोरची चौकट. एमडीएफचा भुसा फार बारीक असतो आणि त्यात फॉर्मल्डिहाइडच्या रेझिनचा अंश असतो. म्हणून कापाकापी अंगणात, चांगला मास्क लावून, लेक झोपलेली असताना. कडेत स्क्रू मारण्याआधी बारीक भोक पाडायचंच, नाहीतर फळी पापुद्र्यासारखी सुटते. काटकोन गुण्याने तपासले. भिंतीचा फुगवटा मात्र गुण्याला जुमानत नाही. तिथे बाजूच्या फळीची मागची कड पेन्सिलीने आखून कानसली.

रंगाआधी कडांना प्रायमरचे दोन हात हवेत, कारण कड रंग पिऊन टाकते. मध्ये पॉलिश पेपर. पाण्यात मिसळणारा रंग घेतला. पहिल्यांदा हीटिंग लावल्यावर थोडा वास आला, तेवढा वेळ खिडकी उघडी ठेवली.

जाळीवरून घरात मतभेद झाले. मला वेताची हवी होती, आजोबांच्या आरामखुर्चीसारखी. तीही करता येते: वेताची विणलेली पट्टी कोमट पाण्यात भिजवायची, ओली असतानाच चौकटीला स्टेपल करायची, वाळताना ती ताणून बसते. पण विणीतून हवा कमी जाते आणि रोजच्या कोरड्या उष्णतेपुढे वेत किती वर्षं तग धरेल याचा मला भरवसा वाटेना. शेवटी ॲल्युमिनियमची भोकांची जाळी आणली. तिची भोकं इतकी बारीक घेतली की लेकीचं बोट आत जाणार नाही. कव्हर वरच्या बाजूला दोन हुकांनी भिंतीत अडकवलं, कारण ती त्यालाच धरून उभी राहणार हे ठरलेलं होतं आणि ती राहिलीच.

आता सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर. संध्याकाळी खोली २० अंशांवर यायला पूर्वीपेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. एवढं सगळं करूनही. म्हणून शोभेसाठी कुणी कव्हर करतो म्हणालं तर मी नको म्हणेन. वर वस्तू ठेवायला जास्तीची फळी हवी असेल तर भिंतीला नुसती फळी ठोका.

वरच्या मजल्यावरच्या रेडिएटरला मी हात लावणार नाही. तिथे पायमोजे वाळतात.