खाली कोण बसलंय?

"दादा, हे खाली कोण वाजवतंय?"

ड्रम्सवालीने हे विचारलं तेव्हा गाणं सुरू होऊन जेमतेम वीस सेकंद झाले होते. मी चहाचा कप उचलला आणि कपातच बघत राहिलो.

कर्वेनगरात एका सोसायटीच्या तळघरात माझा स्टुडिओ आहे. एरवी जाहिरातींचे आवाज, भावगीतांचे ट्रॅक, जून-जुलैत गणपतीची गाणी. रॉकवाले वर्षाकाठी एखादे. हे दोघं आले ते नऊ गाणी घेऊन. पहिलाच अल्बम, खर्च स्वतःच्या खिशातून. ती हिंजवडीत नोकरी करून ड्रम्स वाजवते, तो गिटार वाजवतो आणि गातो. "बास गिटारला कोण?" असं पहिल्या भेटीत विचारलं, तर तो म्हणाला, "कोणी नाही." मला वाटलं, अजून मिळाला नसेल.

रेकॉर्डिंग दोन दिवसांत उरकलं. तिला क्लिक, म्हणजे लय धरायला कानात वाजणारा ठोका, नको होता. ध्रुवपद आलं की ती किंचित पुढे सरकायची आणि तो न बघताच तिच्यामागे जायचा. मेट्रोनोम लावला असता तर हे सगळं मेलं असतं. गिटारचा अँप, म्हणजे तिचा स्पीकर, बाथरूममध्ये कोंडला, त्यावर गादी टाकली. ड्रम्सच्या वरचे दोन माइक स्नेअर या मुख्य ड्रमपासून सुतळीने मोजून सारख्या अंतरावर टांगले. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो, त्यामुळे वीतभर फरकानेही स्नेअर पातळ होतो. संध्याकाळी काम बंद. नदीपात्रात ढोल-ताशांचा सराव सुरू झाला की माझं साउंडप्रूफिंग शरण जातं.

तिसऱ्या रात्री एकटाच मिक्सला, म्हणजे सगळे आवाज जुळवायला, बसलो आणि तिथे माझं चुकलं.

गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झच्या आसपास वाजते. बास गिटारची तिच्या निम्म्यावर, ४१ला. म्हणजे या दोघांच्या गाण्यांत ८०च्या खाली किक, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, सोडली तर सगळं मोकळं. मोकळी जागा दिसली की भरायची, ही माझी वीस वर्षांची खोड. मी कीबोर्डवर बास वाजवला आणि गिटारच्या मागे दडवला. बंद केला तरच होता हे कळावं, इतका हळू. त्यांना विचारलं नाही. सांगायचंही नाही, असं ठरवून टाकलं होतं.

"माझ्या किकला घुमण्याची शेपूट राहावी म्हणून आतली उशी काढली होती मी," ती म्हणाली. "त्या जागेवर कोणीतरी येऊन बसलंय."

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. "किती गाण्यांत?" एवढंच विचारलं त्याने.

"सहा."

मी बाजू मांडून पाहिली: नाहीतर पोकळ वाटेल. ती म्हणाली, "पोकळच आहे ते." त्याने डेट्रॉइटच्या व्हाइट स्ट्राइप्स या दोघांच्याच बँडचं नाव काढलं. १९९९चा त्यांचा पहिला अल्बमही बासवादकाशिवायच. आता मला कोणी व्हाइट स्ट्राइप्स शिकवावेत! पण गप्प बसलो, बोलायला तोंड होतं कुठे.

सहाही ट्रॅक म्यूट करून पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. चार गाणी खरोखरच मोकळी झाली, किकनंतरचा श्वास परत आला. दोन मात्र पडली. हे मी बोललो नाही; त्यानेच दुसऱ्यांदा ऐकताना मान हलवली. सुदैवाने अँपबरोबर गिटारचा कोरा, अँपमधून न गेलेला सिग्नलही रेकॉर्ड केलेला होता. तोच ऑक्टेव्ह पेडलमधून एक सप्तक खाली उतरवून बासच्या अँपला दिला, पुन्हा त्याच बाथरूममध्ये. पेडल जुनं. एकेक सूर असला तर नीट धरायचं, कॉर्ड, म्हणजे अनेक सूर एकत्र आले की बेडकासारखं बोलायचं. म्हणून फक्त रिफपुरतंच, म्हणजे एकेका सुराच्या फिरत्या ओळीपुरतंच घेतलं. नवा ट्रॅक काही मिलिसेकंद मागे पडत होता. पडद्यावर आवाजाच्या लाटा एकाखाली एक ठेवून तो पुढे सरकवत गेलो. एका जागी आवाज एकदम अंगात आल्यासारखा जाड झाला आणि ती खुर्चीतून उठलीच. तिथेच सोडला. बोटं त्याचीच असल्यामुळे तिच्या घाईबरोबर हा खालचा सूरही घाई करत होता. माझा बास तिथे शहाण्यासारखा वेळेवर यायचा.

रात्रीचे दोन वाजले. निघताना ती म्हणाली, "तुमचे ते सहा ट्रॅक आमच्यासमोर उडवा." मी फोल्डर उघडलं. उडवण्याआधी तिने त्यातला एक एकटाच ऐकवायला लावला, डोळे मिटून पूर्ण ऐकला.

"वाईट नाही वाजवलंत," म्हणाली, आणि डिलीट स्वतःच दाबलं.