दर आठवड्याला एक अनोळखी अल्बम

रोज एक नवा अल्बम संपूर्ण ऐकायचा असा संकल्प मी जानेवारीच्या पहिल्या तारखेला केला आणि एकोणिसाव्या दिवशी तो मोडला. दिवस एकही चुकला नव्हता. पण त्या रात्री नोंदवही उघडली तेव्हा आदल्या आठवड्यात ऐकलेल्या सात अल्बमांपैकी तिघांच्या नावांपुढे मला एक ओळही लिहिता येईना, आणि त्यांतल्या एकात गाणारा आवाज पुरुषाचा होता की स्त्रीचा, हेही काही केल्या आठवेना. एकोणीस अल्बम कानांवरून गेले होते, त्यांतले ऐकलेले किती, हा प्रश्न मात्र मला स्वतःला विचारायला नको वाटत होता.

संकल्पामागचे कारण साधे होते. गेली कित्येक वर्षे मी तीच साठ-सत्तर गाणी आलटून पालटून ऐकत आले आहे. त्यांतल्या प्रत्येक गाण्यात गायक कुठे श्वास घेतो, अंतऱ्यानंतर व्हायोलिनचा तुकडा किती लांबतो आणि सम कुठे येते, हे मला आधीच ठाऊक असते. इतके ठाऊक की एके दिवशी हातातले काम संपल्यावर लक्षात आले, तासभर गाणी लावलेली होती आणि त्यांतले एकही मी ऐकलेले नव्हते. आवडती गाणी अशा रीतीने भिंतीवरच्या घड्याळासारखी होतात. ती चालू असतात याचा धीर वाटतो, पण त्यांच्याकडे कोणी पाहत नाही.

रोजच्या नेमात चूक कुठे झाली हे शोधायला फार वेळ लागला नाही. पंचेचाळीस मिनिटांचा अल्बम दिवसात कुठेतरी बसवायचा म्हणजे तो कामाच्या पाठीमागे लावला जाणार, आणि दिवस मावळायला आला की राहिलेली चार गाणी उरकली जाणार, हे ठरलेलेच होते. त्यात मी ‘नवा’ या शब्दाचा अर्थ नुकताच प्रकाशित झालेला असा घेतला होता. १० जुलै २०१५ पासून जगातल्या बऱ्याच देशांमध्ये नवे अल्बम शुक्रवारी प्रकाशित करण्याची पद्धत सुरू झाली. त्याआधी कुठे सोमवार तर कुठे मंगळवार असे. परिणामी दर शुक्रवारी सकाळी माझ्यापुढे एका माणसाला महिनाभरातही ऐकून होणार नाही एवढा ढीग येऊन पडे, आणि मी तो उपसायला बसे. ते ऐकणे नव्हते, हजेरी घेणे होते.

फेब्रुवारीत मी नियम बदलला. आठवड्याला एकच अल्बम, पण तो तीन वेळा ऐकायचा. पहिल्यांदा हातात दुसरे काहीही न घेता, दुसऱ्यांदा हवे तर चालताना, आणि तिसऱ्यांदा पुन्हा स्वस्थ बसून. नवा म्हणजे मला नवा, मग तो गेल्या महिन्यातला असो की साठ वर्षांपूर्वीचा. तिसऱ्या ऐकण्याआधी आवडला किंवा नाही आवडला हे शब्द वहीत लिहायचे नाहीत. हे शेवटचे कलम सर्वांत जाचक ठरले, कारण मत देण्याची घाई ही माझी जुनी खोड आहे.

अल्बमच का, सुटी गाणी का नाहीत, असे मला दोघा-तिघांनी विचारले. त्याचे उत्तर देण्यासाठी हा शब्द मुळात आला कुठून ते पाहावे लागले. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन ते चार मिनिटांचेच ध्वनिमुद्रण मावत असे. १९०२ साली गायिका गौहरजान यांनी कलकत्त्यात पहिल्या तबकड्या ध्वनिमुद्रित केल्या तेव्हा तासभर फुलवायचा राग त्यांना एवढ्याशा अवकाशात आटवावा लागला, आणि शेवटी स्वतःचे नाव इंग्रजीतून सांगण्यासाठी त्यातलेच दोन-तीन सेकंद राखून ठेवावे लागले. दीर्घ रचना विकायची तर अशा अनेक तबकड्या छायाचित्रांच्या अल्बमसारख्या जाड पुठ्ठ्याच्या बांधीव पुस्तकात घालून देत. तोच शब्द पुढे संगीताला चिकटला. १९४८ साली कोलंबिया कंपनीने मिनिटाला तेहेतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेणारी लाँग प्ले तबकडी आणली आणि एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे मावू लागली. आता कलाकाराला क्रम लावता येऊ लागला. आरंभ कशाने करायचा, पहिली बाजू कुठे सोडायची आणि तबकडी उलटायला उठलेल्या माणसाला पुन्हा कशाने बसवायचे, हे ठरवणे हीदेखील एक रचनाच झाली.

त्या क्रमामागे कधीकधी निव्वळ यांत्रिक कारणही असे, आणि मला ते फार मजेशीर वाटते. तबकडी एकाच गतीने फिरत असली तरी सुई जसजशी मध्याकडे सरकते तसतसा प्रत्येक फेऱ्याचा घेर लहान होतो. म्हणजे तेवढ्याच वेळात सुईखालून कमी लांबीची खाच जाते, नाद दाटीवाटीने कोरावा लागतो आणि उंच, तीव्र स्वर फाटण्याची शक्यता वाढते. म्हणून बाजूच्या अखेरीला पुष्कळदा एखादे शांत गाणे ठेवत. आपण ज्याला भावपूर्ण समारोप समजतो तो काही वेळा सुईची सोय पाहून ठेवलेला असतो. यामुळे गाण्याचा भाव उणा होत नाही, उलट त्या बंधनातून कोणी काय काढले याकडे माझे लक्ष अधिक जाऊ लागले.

क्रमाचे महत्त्व मला एका फजितीतून पटले, आणि ती फजिती सर्वस्वी माझीच होती. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हा १९६७ चा अल्बम मी नाव ऐकून होते, संपूर्ण कधी ऐकला नव्हता. शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार असा तो मेळ, आणि सोबतीला माणिकराव पोपटकर यांचा तबला. डोळे मिटून मी ऐकत बसले. पहाडीने सुरुवात झाली, मग पिलू आला, त्यानंतर भूप. सगळे सुंदर, पण एकात एक न गुंतणारे वाटले. वहीत मी लिहिलेही, की तुकडे देखणे आहेत, धागा दिसत नाही. मग मुखपृष्ठावरची माहिती वाचली. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा एक दिवस रागांच्या वेळांनुसार उलगडत जातो, ही त्या अल्बमची मूळ कल्पनाच आहे. आरंभी अहिरभैरव आणि नटभैरव, दुपारकडे झुकताना पिलू, मग संध्याकाळचा भूप, रात्रीचा देस आणि शेवटी पहाडी. माझ्या फोनवर शफल, म्हणजे गाण्यांचा क्रम पिसून वाजवणारी सोय, चालू राहिली होती. माझ्या मेंढपाळाचा दिवस रात्रीच उगवला होता आणि त्याची पहाट कुठल्या तरी मधल्याच वेळी झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी तो अल्बम योग्य क्रमाने ऐकला. अहिरभैरवातला कोमल ऋषभ पहिल्यांदा कानांवर पडला तेव्हा मागचा सगळा गोंगाट निवल्यासारखा झाला. त्यानंतर तासाभराहून कमी वेळात संध्याकाळ झाली आणि भूपातले पाचच स्वर उजेड मऊ झाल्यासारखे आले. आदल्या दिवशी तोच भूप मी ऐकला होता. तेव्हा त्याच्या आधी पहाट गेलेली नव्हती, म्हणून त्याच्या संध्याकाळपणाला काही अर्थ नव्हता. शफलची ती खूण मी तेव्हापासून बंद ठेवली आहे आणि दर आठवड्याला एकदा तपासते, कारण बोटांच्या सवयींवर माझा भरवसा नाही.

तीन वेळा ऐकण्याचा नियम केवळ हट्टातून आलेला नाही. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली दाखवून दिले की निरर्थक शब्द, अपरिचित लिपीतल्या आकृत्या किंवा अनोळखी चेहरे माणसांपुढे जितक्या जास्त वेळा येतात तितके ते त्यांना बरे वाटू लागतात. परिचयाने आवड वाढते, ही गोष्ट संगीताच्या बाबतीत दोन्ही बाजूंनी कापते. माझी साठ-सत्तर गाणी मला आवडतात याचे थोडे श्रेय त्यांच्या गुणांना आहे आणि थोडे मी ती हजार वेळा ऐकली याला. मग अनोळखी अल्बमला निदान तीन संधी तरी द्यायला हव्यात. तिसऱ्या वेळी वाटणारी आवड खरी की नुसत्या सरावाची, ही शंका माझ्या मनात येते खरी. पण जुन्या आवडींना मी ती शंका कधी विचारली नव्हती, तेव्हा नव्यांनाच का विचारावी?

नियमाची खरी परीक्षा मार्चमध्ये झाली. अमेरिकी जॅझ तुतारीवादक माइल्स डेव्हिस यांचा ‘काइंड ऑफ ब्लू’ हा १९५९ चा अल्बम अनेक जण डोक्यावर घेतात, आणि जॅझ मला कधी फारसे उमगलेले नाही. पहिल्या ऐकण्यानंतरची माझी नोंद जशीच्या तशी अशी आहे: ‘पाच वादने. सगळी एकाच रंगाची. झोप आली.’ दुसऱ्यांदा ऐकताना पहिल्या वादनाच्या आरंभीची पियानो आणि डबल बास या खर्जातल्या तंतुवाद्याची कुजबूज कानांत शिरली. ताल अजून लागलेला नसतो, दोघे जणू जागा चाचपत असतात. मग बास एक ओळ विचारतो आणि पियानो दोनच स्वरसमूहांचे ठसे उमटवून तिला होकार देतो, पुढे तोच होकार तुतारी आणि सॅक्सोफोन देतात. आपल्याकडच्या सवालजवाबाची सवय असलेल्या कानाला हे ओळखू यायला हरकत नव्हती, पण पहिल्या वेळी मी मुखड्याची वाट पाहत बसले होते. तिसऱ्या वेळी शेवटच्या वादनात थांबले. तिथे वादकांपुढे पाच स्वरमालिका ठेवलेल्या आहेत आणि प्रत्येकाने एकेका मालिकेत हवे तितके रेंगाळून मगच पुढे सरकायचे आहे. आलाप ऐकत वाढलेल्या माणसाला याहून ओळखीचे दुसरे काय असणार?

याच अल्बमची आणखी एक गोष्ट मी वहीत तांबड्या शाईने लिहून ठेवली आहे. ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या दिवशी टेपचे यंत्र किंचित मंद चालत होते. त्यामुळे ती टेप योग्य गतीने वाजवली की पहिल्या बाजूची तिन्ही वादने मुळापेक्षा जराशी चढी ऐकू येत. ही चूक दुरुस्त होऊन आवृत्त्या निघाल्या त्या १९९० च्या दशकात. म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ ऐकणाऱ्यांनी तो अल्बम चढ्या पट्टीत ऐकला, त्यावर प्रेम केले, आणि त्याची पारायणे केली. पहिल्या ऐकण्यात मला झोप आली याची लाज त्या दिवसापासून थोडी कमी वाटते.

पुढचा अल्बम कसा निवडायचा, यासाठी मी आता याद्यांकडे जात नाही. ॲप जे सुचवते ते मी आधी ऐकलेल्याचेच सख्खे भावंड असते, आणि सर्वोत्तम शंभर वगैरे याद्या वाचल्या की पुन्हा हजेरी सुरू होते. त्याऐवजी साथीदाराचे नाव धरायचे आणि त्याच्या मागे जायचे. ‘काइंड ऑफ ब्लू’च्या मेळात पियानोवर बिल इव्हान्स होते, म्हणून या आठवड्यात त्यांच्या तिघांच्या मेळाचा ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ घेतला. हे ध्वनिमुद्रण २५ जून १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या क्लबमध्ये श्रोत्यांसमोर झाले, आणि त्यातले बासवादक स्कॉट लाफारो पुढच्या दोन आठवड्यांच्या आतच मोटार अपघातात गेले. हे मी पहिल्या ऐकण्याआधी वाचले असते तर प्रत्येक स्वरावर ती सावली पडली असती. नशिबाने वाचले नव्हते, आणि तेव्हापासून अल्बमविषयीचे कोणतेही लिखाण दुसऱ्या ऐकण्याच्या आधी वाचायचे नाही, असे पोटकलम मी नियमाला जोडले.

सगळेच आठवडे असे फळत नाहीत. गेल्या पाच महिन्यांत तीन अल्बम मला तिसऱ्यांदा ऐकूनही अजिबात रुचले नाहीत. त्यांतल्या एकाने तर डोके उठवले. दोनदा आठवडा बुडाला आणि मी तो भरून काढायचा प्रयत्न केला नाही, कारण थकबाकी वसूल करायला लागले की पुन्हा जानेवारी येते. जुनी गाणीही सोडलेली नाहीत. उलट आठवडाभर परक्या आवाजात वावरून परतले की त्यांतले एखादे पुन्हा कानांत शिरते, आणि व्हायोलिनचा तो तुकडा मला वाटत होता त्याहून दोन मात्रा छोटा निघतो.

‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ मी दुसऱ्यांदा ऐकला तेव्हा हेडफोन लावला होता. पहिल्या वादनात पियानो अगदी हलका झाल्यावर मागे कुठेतरी काचेचा पेला दुसऱ्या पेल्याला लागल्याचा आवाज आला, मग दबक्या बोलण्याचा. आधी मला वाटले, आपल्याच घरात काहीतरी पडले. हेडफोन काढून मी कानोसा घेतला. घरात काहीच नव्हते. तो पेला १९६१ साली वाजला होता, आणि ज्याने तो ठेवला त्याचे गाण्याकडे लक्ष नसावे. पुन्हा मागे जाऊन मी ती जागा चार वेळा ऐकली. वहीत त्या पानावर सध्या एवढेच आहे: ‘पेला. बोलणारी मंडळी. पियानो तरीही थांबत नाही.’ तिसरे ऐकणे येत्या शनिवारी आहे, म्हणून खालचे अर्धे पान कोरे ठेवले आहे.