पातेल्याशी

रविवार, रात्री साडेदहा

आज महिन्याचा पहिला रविवार. चर्चमध्ये प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षारस, आणि नंतर कंपाउंडात चिंचेखाली सगळ्यांचं एकत्र जेवण, प्रीतिभोजन. उभं राहून पाय सुजलेत, झोप येत नाही, म्हणून वही काढली.

माझं माहेर अमेरिकन मराठी मिशनचं, सासर एस.पी.जी.चं, म्हणजे इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चच्या मिशनचं. नगरकडच्या ख्रिस्ती माणसाला एवढं सांगितलं की बाकीचं त्याला कळतं. आई बाकावर बसूनच प्रभुभोजन घ्यायची; छोट्या पेल्यांचा ट्रे हातोहात पुढे सरकायचा. सासूबाई वेदीपुढे गुडघे टेकून, एकाच प्याल्याला ओठ लावून. माझ्या माहेरच्या चर्चमध्ये पहिल्यांदा आल्या तेव्हा बिचाऱ्या पेला हातात धरून गुडघे कुठे टेकावेत ते शोधत राहिल्या.

२९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या, म्हणजे वेगवेगळे चर्चपंथ, मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात ही दोन्ही घरं आली. सासरचे अँग्लिकन म्हणून, माहेरचे १९२४ च्या युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियातून. बाप्तिस्मा तान्ह्या बाळाचा की जाणत्या माणसाचा, यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद घातलेल्यांनी दोन्ही चालतील असं ठरवलं. त्या माणसांचं मला अजून नवल वाटतं. गुडघे मात्र ज्याचे त्याच्या सवयीनेच वाकतात.

आज पाळकसाहेबांनी उपदेशाला बायबलमधली करिंथ शहरातली मंडळी घेतली. प्रभुभोजनाला जमायचे, पण ज्यांच्याकडे होतं ते आधीच खाऊन घ्यायचे आणि बाकीचे उपाशी. प्रेषित पौलाने पत्रातून त्यांना चांगलं फैलावर घेतलं, आणि शेवटी सांगितलं काय, तर जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. बस्स, एवढंच. मला वाटलं होतं काहीतरी जड सांगेल.

मी पुढच्या बाकावर मान डोलवत होते. तासाभराने वाढायला पातेल्याशी उभी राहिले, आणि गर्दी बघून आधी घरच्यांसाठी डब्यात मटण काढून ठेवलं. चांगले तुकडे बघून. सगळ्याच वाढणाऱ्या काढतात, असं मनाशी म्हटलंही.

दीडच्या सुमाराला मावशी आल्या. दवाखान्यात आया आहेत. रात्रपाळी संपवून, घरी जाऊन पाणी भरून मग आलेल्या. पातेल्यात नुसता रस्सा.

‘मावशी, उशीर केलात हो,’ वर मीच म्हणाले.

‘हो ना बाई.’

रस्साभात खाल्ला, पदर खोचला आणि माझ्याच शेजारी भांडी घासायला बसल्या. ते पातेलंही त्यांनीच घासलं. माझी पिशवी मागे चिंचेच्या बुंध्याशी होती, डबा तिच्यात. चार पावलांवर. मी नळ थोडा मोठा केला.

घरी ह्यांना काही बोलले नाही. रात्री पोरांनी डबा संपवला. मीही दोन तुकडे खाल्ले. मटण छान मुरलं होतं.