भरतीच्या आत मांडता येईल एवढेच सामान

बाहेर बसून निसर्गचित्रण करण्याच्या सामानाबद्दल जे काही सांगितले जाते, त्यात वजनाला नको इतके महत्त्व दिलेले असते, असे माझे मत आहे. मी ठाण्याहून पनवेल लोकल पकडते आणि बेलापूरला उतरते. एवढ्या प्रवासात दोन किलो आणि तीन किलो यांतला फरक खांद्याला फारसा कळत नाही. कळतो तो आकार. लाकडी पेटीचे घडीचे ईझल, म्हणजे चित्र टेकवायची घोडी, दिसायला कितीही देखणे असले, तरी मिटल्यावरही त्याचे कोपरे बाहेरच राहतात, आणि सकाळच्या महिला डब्यात ते कोपरे शेजारणीच्या गुडघ्याला लागले की चित्रकलेबद्दल कोणालाही आदर उरत नाही. त्यामुळे सगळे सामान एका पाठपिशवीत मावावे, ती पिशवी मांडीवर घेऊन बसता यावे आणि चढता-उतरताना दोन्ही हात मोकळे असावेत, एवढे मी आधी पाहते.

तैलरंगांचा विषय लोकलनेच निकालात काढला. टर्पेंटाइन ज्वालाग्राही असते आणि असे पदार्थ रेल्वेतून नेण्यास मनाई आहे. शिवाय ओला कॅनव्हास गर्दीतून परत आणायचा म्हणजे निम्मे चित्र दुसऱ्या कोणाच्या ओढणीवर जायचे. ॲक्रिलिक उन्हात पॅलेटवरच वाळून बसते आणि कुंचला वेळीच धुतला नाही तर तोही जातो. उरले जलरंग, ज्यांना पाण्याखेरीज काही लागत नाही आणि जे वाळले तरी ओल्या कुंचल्याने पुन्हा जागे होतात.

कागद चिकटवायला बोर्ड कोणता घ्यावा याचा फार विचार करण्याचे कारण नाही. प्लायवूड जड पडते, एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाचा दाबलेला फळा, पाणी पिऊन फुगतो. नावाच्या पाट्या करणाऱ्या दुकानात मिळणारा पाच मिलिमीटरचा सनबोर्ड हलका असतो, त्याला पाणी लागत नाही, आणि क्वार्टर शीटला, म्हणजे अकरा बाय पंधरा इंचांच्या कागदाला, तो पुरेसा ताठ राहतो. पैसे वाचवायचे असतील तर ते बोर्डावर वाचवावेत, कागदावर नव्हे. तीनशे जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला तीनशे ग्रॅम भरणारा जाड सुती कागद महाग असला तरी ओल्या वॉशखाली, म्हणजे पातळ रंगाच्या सपाट हाताखाली, लाटा धरत नाही.

खरा प्रश्न ट्रायपॉडचा होता. बोर्डाच्या पाठीला एक पट्टी लावून त्यात पाव इंची स्क्रूची सोय केली की कॅमेऱ्याचा साधा ट्रायपॉड ईझलचे काम करतो, आणि ही युक्ती मला फार आवडली होती. ठाण्यातल्या एका तलावाकाठच्या बागेत मात्र ट्रायपॉडचे पाय उघडताच सुरक्षारक्षक आला आणि शूटिंगची परवानगी विचारू लागला. चित्र काढते आहे, असे सांगितल्यावर त्याने कॅमेरा कुठे आहे असे विचारले. कॅमेरा नाही हे पटवूनही ‘स्टँड’ चालणार नाही म्हणजे नाही. मी बोर्ड काढून मांडीवर घेतला, तेव्हा त्याची हरकत संपली; इतकेच नव्हे, तर थोड्या वेळाने तो मागे उभा राहून समोरचे झाड याहून हिरवे आहे असे सुचवू लागला.

ट्रायपॉडचा निकाल लागला तो बेलापूरच्या दिवाळे गावाच्या कोळीवाड्यात. सकाळी धक्क्यावर पोहोचले तेव्हा ओहोटी होती. जवळच्या होड्या चिखलात कुशीवर कलंडल्या होत्या, आणि थोड्या आत, जिथे पाणी शिल्लक होते, तिथे निळ्या-पिवळ्या नाळेची, म्हणजे पुढच्या टोकाची, एक होडी समुद्राकडे शेपूट करून उभी होती. मला तीच हवी होती. मी पाय लांबवणे, स्क्रू आवळणे, मास्किंग टेपने कागद चिकटवणे असा संसार मांडत होते आणि शेजारी ताडपत्रीखाली करंदीचे वाटे लावत बसलेल्या मावशी माझ्याकडे पाहत होत्या. अखेर त्या म्हणाल्या, “बाय, भरती लागली का होरी फिरंल. मंग काय करशील?”

नांगरलेली होडी नाळेला बांधलेली असते, त्यामुळे प्रवाह जिकडून येतो तिकडे तिचे तोंड होते. भरती-ओहोटीमध्ये साधारण सहा तासांचे अंतर असले, तरी पाणी उलटण्याच्या सुमारास ही फिरण्याची क्रिया थोडक्यात उरकते. आधी चिखलातल्या बारीक चरांतून पाणी आत सरकू लागले, मग दोर सैल पडला, नाळ जरा घुटमळली आणि माझी पेन्सिल बाजूच्या रेषेवर असतानाच होडी आडवी झाली. मावशींनी एक रिकामा क्रेट पायाने माझ्याकडे सरकवला. मी ट्रायपॉड मिटला, बोर्ड मांडीवर घेतला आणि आडव्या होडीचे चित्र सुरू केले. मांडीवरच्या बोर्डाचा एक फायदा तेव्हाच लक्षात आला, तो असा की गुडघा किंचित वर घेतला की वॉश खाली ओघळतो आणि खाली घेतला की थांबतो. ट्रायपॉडवर एवढ्यासाठी स्क्रूशी झटावे लागते.

उन्ह चढल्यावर मावशींनी मला ताडपत्रीखाली बोलावले. या आतिथ्याला नाही म्हणणे जड गेले, पण ताडपत्री निळी होती. निळ्या उजेडात कागदही निळसर दिसतो, मग हात आपोआप तांबूस रंगाकडे वळतो आणि उघड्यावर आणल्यावर चिखल विटकरी निघतो. थेट उन्हातही बसवत नाही, कारण लख्ख कागदामुळे डोळे दिपतात आणि रंग गरजेपेक्षा गडद पडतात. हे सगळे समजावून सांगणे अशक्य असल्यामुळे मी चहा घेतला आणि माझी काळी छत्री उघडली; मावशींना राग आला असावा. रंगीत छत्री मी याच कारणाने नेत नाही.

आता ट्रायपॉड घरीच असतो. पिशवीत पत्र्याचे घडीचे पॅलेट, दोनच कुंचले, पिण्याव्यतिरिक्त पाण्याची अर्ध्या लिटरची वेगळी बाटली, चिंधी आणि दोन सनबोर्ड एवढेच जाते, कारण येताना चित्र दोन बोर्डांच्या मध्ये सुरक्षित राहते. पावसाळ्यात पॅलेट बंद ठेवले की डिंकामुळे रंगांवर बुरशी धरते, म्हणून त्या महिन्यांत ते उघडे ठेवावे लागते.

बसण्याचा प्रश्न सुटलेला नाही. तीन पायांचे घडीचे स्टूल धक्क्याच्या सिमेंटवर ठीक राहते, पण खाडीकाठच्या ओल्या मातीत त्याचा एक पाय रुततो आणि चित्रातले क्षितिजही तिरके होते. पायांखाली बरणीची रुंद झाकणे ठोकून घे, असे तिथल्याच एका मुलाने सुचवले आहे, आणि पुढच्या खेपेस मी तेच करून पाहणार आहे.