पांढरी साडी, निळा काठ

१२ मार्च, रात्र

साक्षगंध होऊन वीस दिवस झाले. लग्नात काय नेसायचं ते आज माझ्या मनानं ठरवलं.

भंडाऱ्याच्या एका दुकानात रिसेप्शनसाठी गाऊन भाड्यानं ठरवला होता, पाचशे रुपये इसारही दिला होता. पांढराशुभ्र, मागे लोळणारा घेर, गळ्याला मोत्यांचं काम. असे गाऊन कॉलेजात असल्यापासून मोबाईलवर पाहत आलेय. व्हिक्टोरिया राणीनं १८४० साली स्वतःच्या लग्नात पांढरा झगा घातला आणि तिथून ही रीत पसरली, हे तेव्हाच कुठंतरी वाचलं होतं. आपल्या बौद्ध लग्नातही नवरी पांढरंच नेसते, मग गाऊन का नको, असं तेव्हा वाटलं होतं.

आज तो अंगावर चढवला. आरशात मी फार सुंदर दिसत होते. मग काय सुचलं कोण जाणे, वंदनेला बसतो तशी गुडघे टेकून बसायला गेले. आतला कॅनकॅन, म्हणजे घेर फुगवणारा जाळीचा परकर, फुगून छातीपर्यंत वर आला, जाळी मांड्यांना टोचू लागली. हात जोडून वाकावं तर मधे सगळा कापडाचा ढीग. दोनदा करून पाहिलं. कपाळ जमिनीला टेकलंच नाही.

आई म्हणाली, "अवं, वंदनेच्या टायमाले साडीच राहीन ना. हा तर संध्याकाळचा आहे." बरोबर आहे तिचं. पण संध्याकाळी स्टेजवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा तिथंच असतील. आजी वर येईल. तिच्या पाया मी उभ्यानंच पडू का? शिवाय मे महिना, चव्वेचाळीस-पंचेचाळीस डिग्री ऊन.

घरी येऊन आजीला सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिचं नेहमीचं सुरू झालं, जे मी लहानपणापासून ऐकतेय आणि आज नव्यानं ऐकलं. १४ ऑक्टोबर १९५६, बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेचा दिवस. आजी आठ वर्षांची, बापाच्या खांद्यावर, नागपूरच्या त्या मैदानात. "जिकडं पाय तिकडं पांढरंच पांढरं, वं. मायनं पायातले तोडे इकले, तवा भाडं अन् पांढरं लुगडं झालं." ते तोडे पुन्हा कधी झालेच नाहीत. म्हणून आमच्या घरात पिढ्यांपासून चालत आलेला एकही दागिना नाही. आई माझ्यासाठी नवे पैंजण करते म्हणते. मला ते नकोत. त्या पैशांत आजीच्या पायांसाठी चांदीचे तोडे करायचे, हे मी आईला सांगून टाकलं. ती रडली, पण नाही म्हणाली नाही.

गाऊनचं भाडं आणि साडीसाठी ठेवलेले पैसे एकत्र केले तर आंधळगावची हातमागावरची करवतकाठी येते. एकच साडी, वंदनेलाही तीच आणि संध्याकाळीही तीच. परवा बाबांसोबत जाऊन माग पाहून आले होते. आडवा धागा नेणारे तीन धोटे फिरतात, मधला अंगाचा आणि दोन बाजूंचे दोन काठांचे. काठाचा धागा आणि अंगाचा धागा एकमेकांत अडकत जातात आणि करवतीच्या दातांसारखी नक्षी उतरते. काठ निळा सांगितला आहे.

आईची एक अडचण खरी आहे. साडीचं सूत म्हणजे येन-अर्जुनाच्या झाडांवर पोसलेल्या किड्यांचं कोसा रेशीम, त्याचा मूळ रंग मधासारखा. "पांढरी म्हणजे पांढरी पायजे, ही तर पिवळट दिसते." विणकर म्हणाले, धुऊन उजळ केलेलं सूत घेऊ, पण दुधासारखं पांढरं होणार नाही. मला तो रंग आवडला. आईला अजून पटलेलं नाही.

ह्यांना फोन केला, तर म्हणाले तुला आवडेल तेच कर. नणंदेला फोटोंसाठी गाऊन हवा होता, तिची समजूत घालावी लागेल. बांगड्यांचं अजून ठरलेलं नाही.

मघाशी आजीनं नमुन्याचा तुकडा बल्बखाली धरला. काठाच्या दातांवरून नख फिरवत एकेक दात चाचपला. मग बोट ओलं करून निळ्यावर घासलं आणि बोटाकडे पाहिलं. "त्याले पक्कं इचारजो पोरी, धुतल्यावर निळा पांढऱ्यात उतरीन का म्हणून."

सकाळी आधी तोच फोन करायचा आहे.