भुऱ्याची शिरगणती

रविवार, एप्रिल

भुऱ्याला, आमच्या कुत्र्याच्या पिल्लाला, रस्त्याची भीती नाही. ऑटो, भोंगे, कोपऱ्यावरची कुत्र्यांची जुनी टोळी, सगळं चालतं त्याला. चालत नाही ते एकच, आमच्या दोघांपैकी कुणी वाट बदललेली. अंबाझरी तलावाकडे जाताना बाबा तर्री-पोह्याच्या ठेल्याकडे वळले की हा जागीच बसकण मारतो आणि असा गळा काढतो, की येणारे-जाणारे माझ्याकडे संशयाने बघतात.

काकू म्हणतात, "रडू दे ना वं, होऊन जाईन सवय." मला पटत नाही. चार महिन्यांचं पिल्लू रडून रडून गप्प होतं, म्हणजे त्याची भीती गेली असं थोडंच आहे? कुत्र्यानं जग ओळखून घ्यायचं वय साधारण ३ ते १४ आठवड्यांचं. त्यातले सुरुवातीचे आठवडे यानं आईविना नालीकाठी काढलेत. माणसं मोजत राहणारच तो.

म्हणून बाबांची कवायत चालू आहे. दोन पावलं बाजूला जायचं, त्याचा सूर लागायच्या आत परत यायचं. मग चार पावलं. मग कडुनिंबाच्या आड, क्षणभरच. परत आल्यावर ओवाळणी नाही, काही झालंच नाही असं चालू लागायचं. "रिटायर झालो ते यासाठी?" असं रोज ऐकते. माझी नजर भुऱ्याच्या तोंडाकडे. जांभई, ओठ चाटणं, एक पंजा वर उचलणं, ही रडण्याच्या आधीची लक्षणं. पनीरचा तुकडा नाकापुढे धरूनही घेतला नाही, तर सराव तिथेच बंद. आणि रडलाच तर खुशाल जवळ घेते. भीती काही लाडानं वाढत नाही.

हे सगळं सकाळी लवकर उरकावं लागतं. उन्हं चढली की तो धापा टाकतो, आणि त्या उकाड्याच्या की घाबरल्याच्या, हे कळायला मार्ग नाही. दुपारी तर डांबरावर तळहाताची उलटी बाजू ७ सेकंदही टेकववत नाही. त्याचे पंजे कुठून टिकणार!

आज बाबा ठेल्यापर्यंत जाऊन आले. भुऱ्यानं मान वळवून पाहिलं, पनीर खाल्लं, विजेचा खांब हुंगला. बस्स.

आता उलट करायचंय. पट्टा बाबांकडे आणि वळणार मी. खरी पंचाईत तिथे आहे. त्यानं नुसतं कुंई केलं, की बाबाच मला हाक मारतील.